लेटरबॉक्सवर नाव नव्हतं म्हणून: सोलापूरच्या एका नर्सचे जर्मनीतले पहिले चार महिने

धाकट्या बहिणीची पोरगी, आमची भाची, नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, सोलापुरातच केला, इथल्याच एका हॉस्पिटलात चार वर्षं आयसीयूत काढली आणि २०२५ च्या जानेवारीत गड्ड्याची यात्रा उरकली तशी जर्मनीला गेली, स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात. कामावर तिचं काहीच अडलं नाही. अडलं ते सगळं पत्त्यावर. मी बत्तीस वर्षं बँकेत काउंटरला बसलेला माणूस, लाईट बिल आणा, रेशन कार्ड आणा म्हणून अख्ख्या पेठेला मी पळवलंय, आणि घरच्याच पोरीची केवायसी परदेशात कुठं अडकणार हे मला आधी दिसलं नाही. म्हणून ही केस पहिल्यापासून लिहून काढली. तिला विचारूनच लिहितोय, नावं मात्र कुणाचीच देत नाही.

आधी जाण्याआधीचं थोडक्यात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यासोबत कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडं गल्लीबोळात 'जर्मनी चलो'चे बोर्ड लागले. एकानं बहिणीकडं तीन लाख मागितले, वर पावती नाही, 'ताई आपलं घरचंच काम आहे'. मी बहिणीला म्हटलं थांब जरा. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं आणि पावती द्यावीच लागते. नर्सच्या बाबतीत तर जर्मनीत 'फेअर रिक्रूटमेंट'चा सरकारी शिक्काच आहे, तो ज्या एजन्सीकडं आहे तिनं भरतीचा खर्च नर्सकडून घ्यायचा नाही, हॉस्पिटलकडून घ्यायचा. एवढं विचारल्यावर त्या माणसानं फोन उचलणंच बंद केलं. मग भाचीनं स्वतःच तिकडच्या हॉस्पिटलांना अर्ज टाकले, व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या आणि एकानं घेतलं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, आपला जीएनएमचा डिप्लोमा किंवा बीएस्सीची डिग्री तिकडं जशीच्या तशी चालत नाही. ते कागद तपासून एक पत्र देतात, त्यात तुमच्या शिक्षणात कुठं काय कमी आहे ते लिहिलेलं असतं, आणि ती कमी एकतर ट्रेनिंग करून भरायची किंवा परीक्षा देऊन. तोपर्यंत तुम्ही पूर्ण नर्स नाही, मदतनीस. पगारही मदतनीसाचा. इथं आयसीयू सांभाळलेल्या पोरीला तिकडं पहिले काही महिने आजोबांना आंघोळ घालणं, जेवण भरवणं हेच काम असतं, हे घरच्यांनी आधी गिळून घ्यावं. आमच्या बहिणीला ते आजूनही गिळालेलं नाही.

आता मूळ प्रकरण.

हॉस्पिटलनं ऑफर देतानाच कळवलेलं की स्टाफ होस्टेल फुल आहे, मार्चपर्यंत तुमची खोली तुम्ही बघा. भाचीनं एका व्हॉट्सअप ग्रुपवर विचारलं, एका भारतीय माणसानं स्वतःच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली देतो म्हणून सांगितलं, महिना ४८० युरो, डिपॉझिट दोन महिन्यांचं म्हणजे ९६० युरो, आधी पाठवा. फोटो चांगले, माणूस बोलायला गोड, आपला माणूस. पैसे पाठवायला मीच बसलो होतो लॅपटॉपवर, हे कबूल करतो. पाठवायच्या आधी त्याला मी काय काय विचारलं तर वायफाय आहे का, हीटर चालतो का, हॉस्पिटल किती लांब. जो एक प्रश्न विचारायचा होता तो सोडून सगळे.

पोचल्यावर तिसऱ्या दिवशी भाचीनं त्याला म्हटलं, दादा, मला आनमेल्डुंग करायचंय, तुमचा तो कागद द्या. तो म्हणाला, ते जमणार नाही, घरमालकाला माहीत नाही की मी खोली दिलीय, तू नोंदणी केलीस तर त्याला कळेल.

आनमेल्डुंग म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं आहे. जर्मनीत राहायला गेलात की घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावाच्या नागरिक कार्यालयात, तिकडं त्याला ब्युर्गरब्युरो म्हणतात, जाऊन मी ह्या पत्त्यावर राहतो अशी नोंद करायची. तिथल्या लोकांनाही घर बदललं की हेच करावं लागतं, फक्त परदेशी माणसाला नाही. आणि नोंदीला घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागतो की हो, ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडं राहायला आलीय. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, भाचीनं मला पाचदा म्हणून दाखवलं तरी माझ्या तोंडात बसलं नाही, आम्ही घरात त्याला 'वोनुंग' म्हणतो. २०१५ च्या १ नोव्हेंबरपासून तो कागद सक्तीचा आहे आणि घर देणाऱ्यानं तो द्यायलाच पाहिजे असा कायदा आहे. पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूसुद्धा देऊ शकतो. पण ज्यानं घरमालकाला न विचारताच खोली दिलीय तो देत नसतो, हे उघड आहे.

नोंद झाली की नोंदीचा दाखला मिळतो, आणि मग काही न करता बॉनमधलं केंद्रीय कर कार्यालय तुमचा अकरा आकडी टॅक्स नंबर पोस्टानं पाठवतं. पगार बरोबर निघायला तो नंबर लागतो. परदेशी नागरिक कार्यालयात राहायचा परवाना काढायला नोंदीचा दाखला लागतो. बँकेत दाखला मागतात. मोबाईलचं वर्षाचं कनेक्शन घ्यायला बँक खातं लागतं. आपल्याकडं आधार नसलं की जसं सगळीकडं तोंड बघत बसावं लागतं तसंच, फरक एवढाच की आपल्याकडं नगरसेवकाचं पत्र चालतं, ओळखीचा कुणीतरी निघतो, तिकडं काउंटरवरचा माणूस हसून नम्रपणे नाही म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो.

तर भाची अडकली. घाबरून तिनं हे कुणाला सांगितलंच नाही, आम्हालाही नाही. चौदा दिवस गेले, वीस गेले. त्या माणसानं तोडगा म्हणून सांगितलं की माझा एक मित्र आहे, तो शंभर-दीडशे युरो घेऊन त्याच्या पत्त्यावर नोंद करून देतो, राहायचं तू इथंच. नशीब, हे विचारायला तिनं रात्री मला फोन लावला. तिचं वाक्य अजून कानात आहे, "मामा, सगळे करालेत म्हणे असंच, करू का?"

मी म्हटलं थांब, सही करायच्या आधी वाचायचं ही आपल्या घराण्याची रीत आहे. दुसऱ्या दिवशी बसून दोघांनी वाचलं. उशीर झाला तर दंड होऊ शकतो, १,००० युरोपर्यंत. पण जिथं राहतच नाही तिथला खोटा पत्ता देणं-घेणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात पत्ता देणाऱ्याला दंडाची मर्यादा ५०,००० युरोपर्यंत जाते. उशीर समजावून सांगता येतो, खोटं सांगता येत नाही. आणि परदेशी माणसाच्या फाईलला अशी खोटी नोंद चिकटली तर पुढं परवाना वाढवताना कोण कुठली गोष्ट उकरेल काय सांगता येतंय.

मग तिला म्हटलं हॉस्पिटलच्या एचआरला जे आहे ते सांग. ती तयार नव्हती, आपल्याकडं नवीन नोकरीत पहिल्याच महिन्यात वरच्याला आपली अडचण सांगितली की आपण अडचण वाटायला लागतो, हे तिच्या डोक्यात पक्कं. शेवटी वॉर्डच्या इनचार्ज बाईंना सांगितलं, त्या स्वतः क्रोएशियाहून आलेल्या, त्यांनी कपाळाला हात लावला की तू हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस. परदेशातून नर्स आणतात त्या हॉस्पिटलात ह्याच कामाला एक माणूस नेमलेला असतो, आमच्या पोरीला त्याचं नाव जॉइनिंगच्या फाईलमध्ये छापून दिलेलं होतं, तिनं ती फाईल उघडलीच नव्हती. १ मार्चला होस्टेलची खोली मिळाली, त्याच दुपारी होस्टेलच्या ऑफिसनं 'वोनुंग' हातात दिला, ५ मार्चला नोंद झाली. काउंटरवर वीस मिनिटं. उशीर का झाला विचारलं, तिनं खरं ते सांगितलं, की घर देणाऱ्यानं कागद दिला नाही. काउंटरवरच्या बाईंनी एवढंच म्हटलं की कागद नाकारला तर ते लगेच आम्हाला येऊन सांगायचं असतं, कायद्यात तसंच आहे. दंड लावला नाही. लावलाही असता, दंड होतच नाही असं धरून चालू नका.

इथं मला वाटलं केस बंद. बहिणीनं सिद्धेश्वराला नारळसुद्धा फोडला.

दोन-तीन आठवड्यांत टॅक्स नंबरचं पत्र यायचं, आलं नाही. एप्रिलचा पहिला आठवडा गेला तरी नाही. तोवर फेब्रुवारी आणि मार्च, दोन पगार झालेले, दोन्ही कापून. तिकडं कराचे सहा वर्ग आहेत, लग्न न झालेल्या माणसाला वर्ग एक, आणि ज्याचा टॅक्स नंबरच नाही त्याला वर्ग सहा, जो खरा दुसऱ्या नोकरीच्या पगाराला असतो, आणि सगळ्यात जास्त कर त्यातच कापतात. भाचीला दर महिन्याला तीनशेच्या वर युरो कमी हातात येत होते. आधीच ढोबळ पगार आणि हातातला पगार ह्यात तिकडं मोठा खड्डा असतो, पेन्शनचे १८.६ टक्के आणि आरोग्य विम्याचे १४.६ टक्के आणि वर थोडं, ह्यातलं अर्धं मालक भरतो पण अर्धं तुमच्याच पगारातून जातं. बहीण इथं ढोबळ आकडा गुणिले नव्वद-शंभर करून बसलेली, तिला वाटलं पोरीला कुणीतरी फसवालंय.

पत्र का येत नाही ह्याचा शोध तिसऱ्याच माणसानं लावला, होस्टेलच्या सफाईवाल्या काकांनी. त्यांनी विचारलं, पोरी, तुझं नाव कुठंय लेटरबॉक्सवर? तिच्या खोलीच्या डब्यावर आधीच्या नर्सचं नाव तसंच होतं. जर्मनीत पत्त्यात बहुतेक फ्लॅट नंबर लिहीतच नाहीत, रस्ता आणि बिल्डिंगचा नंबर लिहायचा, आत गेल्यावर पोस्टमन आडनाव वाचून डब्यात पत्र टाकतो. डब्यावर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथं राहत नाही, पत्र परत. आमच्या भवानी पेठेत पत्त्यावर नुसतं 'मारुतीच्या देवळामागं' लिहिलं तरी पोस्टमन घरी आणून देतो, वर चहा घेऊन जातो, कुणाची पोरगी कुठं दिलीय तेही त्याला ठाऊक, तिथं वाढलेल्या पोरीला डब्यावर चिठ्ठी लावायचं सुचणार कसं. मला तरी सुचलं नसतं.

चिठ्ठी लावतानासुद्धा गंमत झाली. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि बापाचं नाव दोन्ही छापलेलं असतं, तिकडच्यांना ते दोन्ही तिचंच नाव वाटतं, त्यामुळं हॉस्पिटलचा बिल्ला, विम्याचं कार्ड, सगळीकडं आमचे भाऊजी तिच्यासोबत फिरतायत. हे बदलायला जाऊ नका, पासपोर्टात आहे तसंच्या तसं सगळीकडं ठेवा, स्पेलिंगसकट. डब्यावर फक्त आडनाव पुरतं.

टॅक्स नंबर फोनवर किंवा मेलवर देत नाहीत. बॉनच्या ऑफिसच्या वेबसाईटवर फॉर्म भरला की पुन्हा पोस्टानंच पाठवतात, नोंद झालेल्या पत्त्यावर. ह्या वेळी डब्यावर आडनाव होतं, टेप लावून, पावसात पुसू नये म्हणून. पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात आलं, तिनं एचआरला नंबर दिला आणि मेच्या पगारात मागचा जास्तीचा कर उलटून आला. नसता आला तरी वर्षाअखेरीस रिटर्न भरून मिळतो, पैसा बुडत नाही, पण परदेशात पहिल्या तीन महिन्यांतच पैशाची खरी चणचण असते, रिटर्न घेऊन काय करायचं तेव्हा. एक कळलं ते उशिरा कळलं, कर्मचाऱ्याची चूक नसेल तर नंबर येईपर्यंत तीन महिने मालकाला अंदाजे योग्य तो वर्ग लावून पगार काढता येतो. पगार विभागाला तसं लेखी विचारायला हवं होतं, आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून केलं नाही.

बँकेचं मात्र मी आधीच वाचून ठेवलं होतं, तेवढं एक काम माझ्या खात्यात जमा धरा. पहिल्या शाखेत नोंदीचा दाखला नाही म्हणून परत पाठवली. युरोपियन युनियनमध्ये कायद्यानं राहणाऱ्या कुठल्याही माणसाला साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, पक्का पत्ता नसला तरी, जर्मनीत २०१६ पासून. त्याला बाझिसकोंटो म्हणतात, त्याचा छापील फॉर्म असतो, तो भरून दिला की बँकेला दहा कामाच्या दिवसांत खातं द्यावं लागतं. तिनं फॉर्म छापून नेला. काउंटरवरची पोरगी आत जाऊन साहेबाला विचारून आली आणि खातं उघडलं. मी काउंटरच्या आत बसलेला माणूस आहे, छापील फॉर्म घेऊन येणाऱ्या गिऱ्हाईकाला आम्ही किती घाबरतो ते मला माहितीय.

आणि इकडचं खातं. परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाचं इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणं ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं. सोलापुरात शंभरातले किती जण करतात विचारू नका. भाचीचं मी जायच्या आधीच अर्ज देऊन ठेवला होता.

मग जूनमध्ये बहिणीचा रात्री अकराला फोन, दादा, पोरीला सरकारचं पत्र आलंय, ५५ युरो ८ सेंट भरा म्हणतात, टीव्हीचे, तिच्याकडं टीव्हीच नाही, हे ते डिजिटल अरेस्टवाले असतील. ते डिजिटल अरेस्टवाले नव्हते. जर्मनीत रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी आहे, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो, तीन महिन्यांची एकदम येते. एका फ्लॅटमध्ये चौघं राहत असाल तर एकानंच भरायची आणि वाटून घ्यायची. तुम्ही पत्त्याची नोंद केलीत की तो पत्ता त्यांच्याकडं जातो आणि पत्र येतं, टाळायचं नसतं, टाळलं की थकबाकी वाढत जाते.

राहायच्या परवान्याचं तिनं नीट केलं. व्हिसा सहा महिन्यांचा होता, तो संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज गेला पाहिजे, अपॉइंटमेंट पुढची मिळाली तरी चालतं, अर्ज वेळेत असला की निकाल लागेपर्यंत तुमचं तिथं राहणं कायदेशीरच धरतात आणि तसा कागदही देतात. होस्टेलमधल्या एका पोरीनं 'अपॉइंटमेंटच मिळत नाही' म्हणून अर्जच केला नव्हता, तिची रडारड आम्ही फोनवर ऐकलीय.

बाकी कचरा चार डब्यांत टाकणं, रात्री दहानंतर मिक्सर न लावणं, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच भाजी आणणं, ह्याच्यावर सगळे भरभरून लिहितात, ते पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. शेंगाचटणी भाजताना धुराचा अलार्म वाजतो, एवढंच माझ्याकडून.

भाषेवर मात्र थांबतो. भाचीनं जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दिली, हुतात्मा एक्सप्रेसनं पहाटे जाऊन रात्री परत. चांगल्या मार्कांनी पास. आणि वॉर्डात पहिल्या दिवशी एक आजीबाई काय म्हणतात ते एक अक्षर कळेना, कारण त्या बोलत होत्या श्वेबिश, तिकडची गावची बोली. पुस्तकातली मराठी शिकून कुणी अशोक चौकात उतरला आणि समोरचा अर्धी मराठी, अर्धी तेलुगू आणि मधेच कन्नड बोलायला लागला तर कसं होईल, तसंच. आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथं चिनी शिकले, त्याच भाषेत पेशंटशी बोलले, आणि १९४२ मध्ये तिथंच गेले. भय्या चौकात त्यांच्या स्मारकावरून रोज जाणारी पोरं मला विचारतात की काका, भाषा नंतर शिकली तर चालेल का. भाचीनं शेवटी त्या आजीबाईंनाच सांगितलं, मला तुमची बोली शिकवा. आता बी-टूची, म्हणजे पुढच्या पातळीची, तयारी चालू आहे, ती झाल्याशिवाय पूर्ण नर्सचा दाखला नाही.

पुन्हा कुणासाठी खोली बघायची वेळ आली तर मी वायफाय विचारणार नाही. पहिला मेसेज जर्मनमध्येच टाकायचा, 'इस्ट दी आनमेल्डुंग म्योग्लिश', म्हणजे ह्या पत्त्यावर नोंद होईल का. जाहिरातीत 'काइने आनमेल्डुंग', म्हणजे नोंद होणार नाही, असं दिसलं की पुढं वाचायचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी. पोटभाड्याची खोली असेल तर मूळ मालकाची लेखी परवानगी बघायला मागायची. भाडं सांगताना काल्ट की वार्म तेही विचारायचं, काल्ट म्हणजे नुसती जागा, वार्म म्हणजे पाणी, हीटर धरून, दोन्हीत शंभर-दीडशेचा फरक सहज पडतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढंच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, त्यामुळं विमानात बसायच्या आधी सगळं एकदम पाठवा म्हणणारा माणूस आपला असो की परका, जरा जपूनच.

त्या ९६० युरोंपैकी ५६० त्या खोलीवाल्यानं दोन वेळा फोन केल्यावर परत दिले. ४०० अजून येणं आहे. खोली सोडताना भिंतीला डाग पडला होता म्हणतो. भाची म्हणते मामा जाऊ दे, आपलाच माणूस आहे, परदेशात भांडण कशाला. मी म्हणतोय की लेखी पत्र पाठव, चौदा दिवसांची मुदत दे, तारीख घाल. पत्राचा मसुदा करून दिलाय, तिनं अजून टाकलेलं नाही.